गच्चीवरील वेधशाळा

गेल्या वर्षीं वैशाखांत आमच्या घरीं एक लग्नकार्य झालें. मुहूर्त गोरज होता. सप्तपदी आटोपल्यावर गुरुजींनीं रीतीप्रमाणें वधूवरांस ध्रुवाचें व अरुंधतीचें दर्शन घेण्यास सांगितलें. कार्यालय शहराच्या मध्यवस्तींतलें. डोक्यावर छत आणि छताला झुंबर. गुरुजींनीं ज्या दिशेस बोट केलें त्या दिशेस भिंतीवरचा पंखा होता. वधूवरांनीं त्याच्याकडे पाहून भक्तिभावानें हात जोडले, आणि पुढच्या विधीस सुरुवात झाली.

आमची नऊ वर्षांची पुतणी मात्र अडून बसली. "काका, खरा ध्रुव कुठें आहे?" असें तिनें विचारलें. आम्ही तिला घेऊन कार्यालयाच्या गच्चीवर गेलों. आकाश निरभ्र होतें. उत्तरेकडे तोंड करून आम्ही बराच वेळ उभे राहिलों, आणि अखेर त्या बाजूस जो तारा सर्वांत तेजस्वी दिसला त्याच्याकडे बोट दाखवून खालीं आलों. तो ध्रुव नव्हता. वायव्येस मावळतीला लागलेला ब्रह्महृदय होता. हें आम्हांस पुढें दोन महिन्यांनीं कळलें.

वास्तविक आमच्या घरांत पंचांगावांचून पान हालत नाहीं. आज कोणतें नक्षत्र आहे हें आजी सकाळच्या चहाबरोबर सांगते. सत्तावीस नक्षत्रांचीं नांवें लहानपणीं परवच्याच्या वेळीं आम्हां सर्वांकडून पाठ करून घेतलेलीं. लोकमान्यांचें १८९३ सालचें 'ओरायन' वडिलांच्या कपाटांत आहे. परंतु ज्या मृग नक्षत्राच्या आधारानें त्यांनीं त्या ग्रंथांत वेदकाळाचा विचार केला, तें नक्षत्र आमच्या घरांतील तीन पिढ्यांपैकीं एकासही आकाशांत दाखवितां आलें नसतें. जें आपण रोज वाचतों तें एकदांही पाहिलेलें नाहीं, ही गोष्ट त्या रात्रीं आमच्या मनास फार लागली.

लाज वाटली म्हणजे सुशिक्षित मनुष्य बहुधा पैसे खर्च करतो; आम्हींही तेंच केलें. आठ दिवसांत एका दुकानांतून दुर्बीण घरीं आणली. खोक्यावर शनीचें रंगीत चित्र होतें व शेजारीं '५२५ पट' असे ठळक आंकडे. रात्रीं सारें कुटुंब गच्चीवर जमलें. दुर्बिणीची तिवई इतकी लटपटणारी कीं हात लावतांच तारा निसटून जाई. सर्वांत अधिक मोठें दाखविणारी नेत्रिका लावली तेव्हां दुधाळ धुक्याचा एक गोळा तेवढा थरथरतांना दिसला. पुतणीनें आळीपाळीनें दोन्ही डोळे लावून पाहिलें, "कांहीं दिसत नाहीं" असें ती म्हणाली, आणि खालीं निघून गेली. दुर्बीण कपाटावर चढली.

पैसे गेले याचें दुःख थोडें. "खरा ध्रुव कुठें आहे?" असें आपण होऊन विचारणारी मुलगी त्यानंतर आकाशाविषयीं बोलेनाशी झाली, हें नुकसान मोठें होतें. असें नुकसान अनेक घरांत होत असावें असें आम्हांस वाटतें, व म्हणूनच या महिन्यांत हा विषय आम्हीं वाचकांपुढें आणला आहे. पावसाळाभर थोडें वाचून, व दसऱ्यानंतर रोज गच्चीवर जाऊन, आम्ही जें शिकलों त्याचें सार एका वाक्यांत सांगतां येईल: आधीं डोळे, मग द्विनेत्री, आणि सर्वांच्या शेवटीं दुर्बीण.

डोळ्यांच्या पायरीस खर्च मुळींच नाहीं. थोडी शिस्त लागते. उजेडांतून अंधारांत आल्यावर डोळे नीट सरावण्यास वीस ते तीस मिनिटें लागतात, आणि मध्येंच मोबाइलच्या पडद्याकडे पाहिलें कीं ही सारी कमाई क्षणांत बुडते. म्हणून विजेरीच्या तोंडावर पतंगाचा तांबडा कागद दुहेरी बांधावा. तांबड्या मंद उजेडानें डोळ्यांची ही तयारी फारशी बिघडत नाहीं. ताऱ्यांचा नकाशा कोणताही चालेल. महिना व वेळ जुळवून फिरवावयाची तबकडी मिळाली तर उत्तमच. 'स्टेलॅरियम' नांवाची संगणकावरील आज्ञावली विनामूल्य मिळते. तींत आपल्या गांवचें त्या रात्रीचें आकाश आधींच पाहून ठेवतां येतें. नकाशांत पूर्व व पश्चिम उलट कां, असें प्रथम प्रत्येकजण विचारतो. याचें कारण असें कीं, जमिनीचा नकाशा खालीं ठेवून पहावयाचा असतो, तर आकाशाचा डोक्यावर धरून. तसा धरला म्हणजे दिशा आपोआप जुळतात.

आतां ध्रुव. ध्रुव क्षितिजापासून जितका उंच दिसतो, तितकेच साधारणपणें आपल्या गांवाचे अक्षांश असतात. पुण्यास साडेअठरा, मुंबईस एकोणीस, नागपुरास एकवीस व पणजीस साडेपंधरा अंश. हात लांब करून मूठ धरली तर ती आकाशाचा सुमारें दहा अंशांचा भाग झांकते. मुलांची मूठ लहान, पण हातही आंखूड. म्हणून हें माप त्यांनाही चालतें. पुण्यामुंबईकडील माणसानें उत्तर क्षितिजावर एकावर एक जवळजवळ दोन मुठी ठेवाव्या; तेथें एक मध्यम तेजाचा तारा एकटाच दिसेल. ध्रुव सर्वांत तेजस्वी असतो हा समज चुकीचा आहे. त्याच्याहून तेजस्वी असे चाळीसांवर तारे आकाशांत आहेत. आमची चूक झाली ती याच समजामुळें. खात्री करावयाची असेल तर सप्तर्षींतील पुलह व क्रतु या दोन ताऱ्यांना जोडणारी रेघ क्रतूच्या बाजूस सुमारें पांचपट वाढवावी. ती ध्रुवापाशीं पोंचते. वैशाख-ज्येष्ठांत सप्तर्षी संध्याकाळींच उत्तरेस उंच असतात. कार्तिकाच्या सुमारास ते सायंकाळीं दिसत नाहींत. त्या वेळीं शर्मिष्ठेच्या पांच ताऱ्यांची 'म'सारखी वांकडी रेघ त्याच भागांत सांपडते.

ध्रुव सांपडला कीं सप्तर्षींच्या शेपटींतील मधला तारा पहावा. तो वसिष्ठ, आणि त्याला चिकटून असलेली अंधुक तारका ती अरुंधती. चांगल्या नजरेच्या माणसास दोन्ही वेगळ्या दिसतात. त्यांचा प्रकाश आपल्यापर्यंत येण्यास सुमारें ऐंशी वर्षें लागतात. आमच्या आजीला ऐंशी पूर्ण झालीं आहेत. तिच्या जन्माच्या सुमारास निघालेला उजेड आज आपल्या डोळ्यांत शिरत आहे, असें सांगितलें तेव्हां ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे माझ्याबरोबरची आहे."

त्या दिवसापासून आजी आमच्या या वेधशाळेची प्रमुख झाली, आणि तें योग्यच झालें. कारण पंचांग हें नवशिक्याचें सर्वांत उत्तम साधन आहे. चंद्र रोज सुमारें तेरा अंश पूर्वेकडे सरकतो, म्हणजे दिवसाला साधारण एक नक्षत्र. पंचांगांत ज्या रात्रीं रोहिणी लिहिली असेल त्या रात्रीं चंद्राजवळ एक तांबूस ठळक तारा शोधावा. तोच रोहिणीचा तारा. चित्रेजवळ पौर्णिमा होते म्हणून चैत्र, कृत्तिकांजवळ होते म्हणून कार्तिक, मघांजवळ होते म्हणून माघ, हें आपण शाळेंत शिकलों; त्रिपुरी पौर्णिमेस दिवे लावून झाल्यावर पूर्वेकडे पाहिलें तर तें प्रत्यक्ष दिसतें. आणखी एक गैरसमज येथें दूर होईल. सात जूनच्या सुमारास 'मृग लागला' असें आपण म्हणतों त्याचा अर्थ सूर्य त्या नक्षत्रांत आला असा आहे. अर्थात् त्या दिवसांत मृग सूर्याच्या तेजांत लोपलेला असतो व रात्रीं दिसत नाहीं. तो पहावयाचा तो मार्गशीर्षापासून फाल्गुनापर्यंत. त्याच्या पोटांतील बाणाचे एका रेषेंत असलेले तीन तारे एकदां ओळखले कीं तीच रेघ एका बाजूस व्याधाकडे जाते, व दुसऱ्या बाजूस रोहिणीवरून कृत्तिकांकडे. एका नक्षत्रापासून असें तिघांशीं नातें जुळतें. महिनाभर रोज पंधरा मिनिटें दिलीं तर वीस-पंचवीस तारे नांवानें ओळखतां येतात, असा आमचा अनुभव आहे.

दुसरी पायरी द्विनेत्रीची, म्हणजे दोन्ही डोळ्यांनीं पहावयाच्या दुर्बिणीची. हिच्यावर '७ × ५०' किंवा '१० × ५०' असे आंकडे असतात. पहिला आंकडा ती किती पट मोठें दाखविते तो, व दुसरा पुढच्या भिंगाचा व्यास मिलिमीटरांत. अंधारांत तरुण माणसाच्या डोळ्याची बाहुली फार तर सात मिलिमीटर उघडते. पन्नास मिलिमीटरांचें भिंग तिच्या पन्नासपट प्रकाश गोळा करतें. आकाशास मोठेपणापेक्षां प्रकाश अधिक हवा असतो, हें यावरून ध्यानांत यावें. नवशिक्यानें पहिले पैसे द्विनेत्रीवरच घालावे. चांगल्या मोबाइलच्या निम्म्याहून कमी किंमतींत ती मिळते, प्रवासांत नेतां येते, आणि आकाशाचा नाद सुटला तरी पक्षी पाहण्यास उपयोगी पडते. हात थरथरूं नये म्हणून कोपर गच्चीच्या कठड्यावर टेकवावें किंवा आरामखुर्चींत उताणें पडून पहावें. नुसत्या डोळ्यांस सहा-सात दिसणाऱ्या कृत्तिका हिच्यांतून डझनांनीं दिसतात. पुष्य नक्षत्रांतील धूसर डागाचे तारे होतात. मृगाच्या बाणाखालीं तेजोमेघाचा पुंजका दिसतो. गुरूच्या शेजारचे चंद्र सुईच्या टोंकासारखे चमकतात. शहराबाहेर अंधाऱ्या गांवीं गेल्यास देवयानीतील दीर्घिकेचा अंधुक ठिपका सांपडतो. तिचा प्रकाश सुमारें पंचवीस लाख वर्षांपूर्वीं निघालेला आहे. चंद्र पहावयाचा तो मात्र पौर्णिमेस पाहूं नये. त्या रात्रीं तो सपाट दिसतो. शुद्ध पंचमीपासून दशमीपर्यंत उजेड व अंधार यांच्या सीमेवर डोंगरांच्या व विवरांच्या सावल्या लांब पडतात, तेव्हां त्याचें खरें रूप दिसतें.

हें सारें झाल्यावर दुर्बिणीचा विचार करावा. पुढच्या भिंगाचें नाभीय अंतर नेत्रिकेच्या नाभीय अंतरानें भागलें कीं किती पट मोठें दिसेल तें निघतें. सातशें मिलिमीटरांच्या नळीस पंचवीसची नेत्रिका लावली तर अठ्ठावीस पट, दहाची लावली तर सत्तर. आमच्या दुर्बिणीस चारची नेत्रिका व तिच्यापुढें तिप्पट करणारें एक भिंग दिलें होतें, म्हणजे हिशेबानें ५२५ बरोबर. परंतु प्रकाशाच्या स्वभावामुळें भिंगाच्या व्यासाच्या दर मिलिमीटरास दोन पटींहून अधिक मोठें केल्यास चित्रांत नवें कांहीं दिसत नाहीं, तें केवळ अंधुक होत जातें. आमचें भिंग साठ मिलिमीटरांचें. त्याची मर्यादा एकशेंवीस. ताकाला किती पाणी सोसेल हें जसें आधींच्या दह्यावर अवलंबून, तसेंच हें आहे. म्हणून दुकानांत प्रथम 'किती पट?' असें न विचारतां 'भिंगाचा किंवा आरशाचा व्यास किती?' व 'बैठक किती स्थिर?' असे दोन प्रश्न विचारावे. सत्तर मिलिमीटरांची भिंगाची किंवा एकशेंतीस ते दीडशें मिलिमीटरांची आरशाची दुर्बीण घरास वर्षानुवर्षें पुरते. शनीचें कडें दिसण्यास तीस-चाळीस पटी पुरे होतात. २०२५ सालच्या मार्चांत तीं कडीं पृथ्वीवरून अगदीं काठाकडून दिसलीं. त्यापुढें कांहीं वर्षें तीं क्रमाक्रमानें अधिक उघडत जावयाचीं आहेत, म्हणून शनि पाहण्यास हा काळ चांगला आहे.

आरशाच्या दुर्बिणीस स्वस्त व स्थिर बैठक कशी द्यावी याचें उत्तर एका संन्यस्त माणसानें दिलें, हें आमच्या वाचकांस ऐकून कौतुक वाटेल. जॉन डॉब्सन हे १९४४ मध्यें सॅन फ्रान्सिस्को येथील वेदान्त सोसायटीच्या मठांत दाखल झाले. मठांत राहून त्यांनीं टाकाऊ कांच घासून आरसे केले व लांकडाच्या पेटीची साधी फिरती बैठक बनविली. या नादापायीं १९६७ मध्यें त्यांस मठ सोडावा लागला. तेव्हां ते रस्त्याच्या कडेला दुर्बीण मांडून येणाऱ्याजाणाऱ्यांस आकाश दाखवूं लागले. २०१४ सालीं, अठ्ठ्याण्णवाव्या वर्षीं, ते वारले. आज जगभर नवशिक्यांसाठीं जी 'डॉब्सोनियन' बैठकीची दुर्बीण सुचविली जाते ती त्यांचीच.

एक इशारा घरांतील प्रत्येकानें पाठ करावा. द्विनेत्री किंवा दुर्बीण कधींही सूर्याकडे वळवूं नये. एका क्षणांत डोळा कायमचा जातो, व जातांना दुखतही नाहीं. कांहीं स्वस्त दुर्बिणींबरोबर नेत्रिकेवर बसवावयाची काळी कांच देतात. ती उष्णतेनें तडकते. ती घरीं येतांच मोडून टाकावी. दिवसा दुर्बीण मुलांच्या हातीं लागेल अशी ठेवूं नये.

पावसाळ्यांत भिंगांवर बुरशी धरते. तेव्हां ज्येष्ठ संपण्यापूर्वीं सर्व सामान ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह घट्ट झांकणाच्या डब्यांत भरावें, व भिंगें धोतराच्या सोग्यानें किंवा पदरानें कधींच पुसूं नयेत. चातुर्मास वाचनासाठीं ठेवावा. शंकर बाळकृष्ण दीक्षितांचें १८९६ सालचें 'भारतीय ज्योतिःशास्त्र' सर्वांस माहीत असतें. परंतु सामान्य वाचकांसाठीं त्यांनीं १८९२ मध्यें 'ज्योतिर्विलास' लिहिलें, तें आधीं वाचावें. संगतही पाहिजे. पुण्यास ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींस आकाश दाखवीत आली आहे; मुंबईस खगोल मंडळ आहे व वरळीस १९७७ पासून नेहरू तारांगण. अशा मंडळींबरोबर एक रात्र अंधाऱ्या माळावर काढली, व दुसऱ्यांच्या चार दुर्बिणींतून पाहून घेतलें, तर आमच्यासारखी फसगत होत नाहीं.

कोणी म्हणेल, असल्या लहान साधनांनीं होणार तें काय? जेसोरचे राधागोविंद चंद्र यांचें चरित्र यास उत्तर देईल. ते तेथील सरकारी खजिन्यांत नाणीं पारखण्याची नोकरी करीत. विद्यापीठाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती. १९१० सालचा हॅलेचा धूमकेतु त्यांनीं लहान द्विनेत्रींतून पाहिला, व १९१२ मध्यें पोटास चिमटा घेऊन तीन इंची दुर्बीण विलायतेहून मागविली. जून १९१८ मध्यें गरुड तारकासमूहांत एक नवा तारा प्रकटला, तो त्यांनीं स्वतंत्रपणें ओळखला. पुढें ज्यांचें तेज कमीजास्त होतें अशा रूपविकारी ताऱ्यांच्या त्यांनीं सदतीस हजारांहून अधिक नोंदी केल्या. त्या पाहून अमेरिकेंतील संस्थेनें १९२६ मध्यें सहा इंची दुर्बीण त्यांच्याकडे पाठवून दिली. दिवसा नाणीं व रात्रीं तारे पारखणाऱ्या या गृहस्थांचें मुख्य साधन त्यांची वही होती. प्रत्येक घरांत अशी एक वही असावी, व तींत तारीख, वेळ, आकाशाची स्थिति आणि काय दिसलें तें मुलांनीं स्वतःच्या हातानें लिहावें.

आमची कपाटावरची दुर्बीण पौषांत खालीं आली. चारची नेत्रिका व तें तिप्पट करणारें भिंग आम्हीं बाजूस ठेवून दिलें, वीसची नेत्रिका लावली, आणि तिवईच्या मध्यभागीं विटांची पिशवी टांगली. पस्तीस पटींत गुरु व त्याचे चार चंद्र स्थिर उभे राहिले. पुतणीनें त्यांचें चित्र वहींत काढलें. दुसऱ्या दिवशीं चित्र व आकाश जुळेना, तेव्हां ती घाबरून म्हणाली, "माझें चुकलें वाटतें." चुकलें नव्हतें, चंद्र हलले होते. गॅलिलिओनें ७ जानेवारी १६१० पासून पुढच्या रात्रींत हेंच पाहिलें होतें. तें तिला कोणीं सांगितलें नाहीं. पांच रात्रींच्या चित्रांवरून ते गुरूभोंवतीं फिरतात हें तिनें आम्हांस सांगितलें.

यंदाच्या वैशाखांत घरांत पुन्हा लग्न होतें. गुरुजींनीं ध्रुवदर्शनाचें नांव काढतांच पुतणीनें नव्या वहिनीचा हात धरला. गुरुजींनीं क्षणभर विचार केला, आणि "चला" म्हणून तेच प्रथम जिन्याकडे वळले. गच्चीवर तिनें आपल्या दोन मुठी उत्तरेवर एकावर एक ठेवून ध्रुव दाखविला; मग सप्तर्षींवरून बोट फिरवीत वसिष्ठ व अरुंधती दाखविलीं. वधूवरांनीं हात जोडले. आजीला दोघांच्या आधारानें वर आणलें होतें. नुसत्या डोळ्यांनीं तिला अरुंधती वेगळी दिसेना, म्हणून द्विनेत्री तिच्या डोळ्यांस लावली. तिनें बराच वेळ पाहिलें. नंतर द्विनेत्री खालीं करून ती म्हणाली, "माझ्या लग्नांत मला वासा दाखविला होता."